कुनाची गो तू?

कारखानीसला प्रसूतिगृहात जायची लाज वाटली, म्हणून रतनला अ‍ॅनालिस्टचं काम मिळालं. दुसरं कसलंही कारण नव्हतं. हुशारीला कधी ना कधी वाव मिळतोच असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

साल चौऱ्याण्णव. ठाण्याला वर्तकनगरात दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये गुप्ते साहेबांची सॉफ्टवेअर कंपनी होती. बाहेरच्या खोलीत चार मुली डेटा एन्ट्री करायच्या, आतल्या खोलीत एसी लावून इंजिनियर बसायचे. एसी माणसांसाठी नाही, मशीनसाठी आहे, असं साहेब सांगायचे. मशीनं बाहेरच्या खोलीतही होतीच, मुलींबरोबर घामेजलेली. चपला मात्र दोन्ही खोल्यांसाठी दाराबाहेर काढायच्या, देवळासारख्या.

रतन त्या चौघींतली एक. कोपरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, नाथा तांडेलाची पोरगी. बारावीनंतर तिनं ठाण्यात सहा महिन्यांचा क्लास केला होता, सिस्टीम अ‍ॅनालिसिसचा. क्लासचे सर पहिल्याच दिवशी म्हणालेले, "प्रोग्रॅम लिहिणारे ढिगानं मिळतात. काय लिहायचं ते लोकांना विचारून येणारा माणूस मिळत नाही." हे वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच. तिनं इंग्रजी पुस्तक जुन्या बाजारातून आणलं आणि शेजारी डिक्शनरी ठेवून तीन वेळा वाचून काढलं. त्यात गोल आणि बाण काढायला शिकवलं होतं. जो काम करतो त्याचा गोल, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जे जातं त्याचा बाण. रतननं सराव म्हणून कॅलेंडरच्या पाठीमागे बापाच्या होडीपासून डोंबिवलीच्या बाजारात आईच्या पाटीपर्यंत मासळीचा सगळा प्रवास गोल-बाणांत काढला होता. आई बघून म्हणाली, "ह्या काय गो, जाला इनतेस का?"

क्लास झाला, पुस्तक झालं आणि नोकरी मिळाली टायपिंगची. अ‍ॅनालिस्ट व्हायला टाय लागत होता, इंग्रजी लागत होतं, आणि आडनाव जरा बरं लागत होतं. हे कुणी तोंडावर म्हणत नसे. म्हणायची गरजच नसते.

मग ठाकुर्लीच्या प्रसूतिगृहाचं काम आलं. टिळेकरबाई नावाच्या डॉक्टरीण चौदा वर्षं ते चालवत होत्या. त्यांना जुन्या केसपेपरांची खोली रिकामी हवी होती, कारण तिथं सोनोग्राफीचं मशीन बसणार होतं. सगळे केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचे, एक एप्रिलला कागद रद्दीत घालायचे आणि खोली मोकळी करायची, असं ठरलं.

कारखानीस एकदा जाऊन आला आणि पडलेल्या चेहऱ्यानं साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, तिथं बायका ओळीनं बसलेल्या असतात हो. मी आत शिरलो की सगळ्या माझ्याकडेच बघतात. आणि त्या डॉक्टरबाई वाट्टेल ते बोलतात, पाळी-बिळी. मी काय लिहून घेऊ?"

गुप्ते साहेब हसले. "अरे, मग बाईमाणूस पाठवू की. रतन, तू जा. काय विचारायचं ते हा लिहून देईल, तू उत्तरं भरून आण."

"प्रश्न आहेत माझ्याकडे, साहेब."

"काय आहेत?"

"प्रश्न. मी सिस्टीम अ‍ॅनालिसिस केलंय."

"क्लास केलाय तिनं," कारखानीस म्हणाला. त्या एका शब्दात त्यानं चार वर्षांची इंजिनियरिंगची फी वसूल केली.

रतन गेली. एकवीस प्रश्न लिहून नेले होते. टिळेकरबाईंच्या केबिनमध्ये एक तास बसली. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर डिग्रीची चौकट होती, पिवळी पडलेली, आणि त्यावर 'सुमन केशव आठल्ये' असं नाव होतं. बाहेरच्या पाटीवर होतं 'डॉ. कलावती टिळेकर'. रतनला वाटलं, आधीच्या कुणी डॉक्टरीण असतील. विचारायचं मनात आलं आणि राहून गेलं. ते एकवीस प्रश्नांत नव्हतं.

मग ती नावनोंदणीच्या टेबलावर महिपतभाऊंकडे बसली. महिपतभाऊ चौदा वर्षं रजिस्टर लिहीत होते आणि तेवढीच वर्षं तंबाखू मळत होते.

"जुनी बाई पुन्हा आली, तर तिचा आधीचा पेपर कसा काढता?"

"नाव विचारतो, नवऱ्याचं नाव विचारतो, काढतो शोधून."

"नेहमी सापडतो?"

"न सापडायला काय झालं? अजून एकदाही नाय असं झालं नाय."

रतननं लिहून घेतलं. अकरा पानांचा रिपोर्ट झाला. गोल होते, बाण होते, आणि चौथ्या पानावर एक वाक्य होतं: जुन्या रुग्णाचा शोध 'रुग्णाचे नाव' व 'पतीचे नाव' यांवरून घ्यावा. साहेबांनी वाचला, मान डोलावली आणि शेवटच्या पानावर कारखानीसचं नाव टाकायला लावलं. "क्लायंटला बरं वाटतं गं." टिळेकरबाईंनी सही केली. रतनला राग आला, पण रागाखाली आनंदही होता. नाव कुणाचं का असेना, काम तिचं होतं आणि ते चोख होतं.

चोख नव्हतं. त्या प्रसूतिगृहात केसपेपरांच्या खोलीत एक म्हातारी आया असायची, मंजुळामावशी. रतन तिला दोन दिवस बघत होती. एकवीस प्रश्न डॉक्टरला विचारले, क्लार्कला विचारले. मंजुळामावशीला एकच विचारला: "मावशी, पाणी मिळेल का?"

*

फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी सुरू झाली. कॉम्प्युटर महिपतभाऊंच्या टेबलाशेजारी बसला, रतन त्याच्यासमोर. तोवर मुलींनी चार वर्षांचे पेपर चढवले होते. एक महिना दोन्ही चालवायचं, कागद आणि मशीन, आणि मार्चच्या तीस तारखेला साहेब येऊन ताबा देणार.

पहिला आठवडा बरा गेला. नव्या बायकाच जास्त होत्या. दुसऱ्या आठवड्यात एक सासू सुनेला घेऊन आली. सून आठव्या महिन्यातली, चेहरा उतरलेला.

"नाव?" महिपतभाऊ म्हणाले.

"कविता," सासूनं सांगितलं. "कविता उत्तम भोईर. भोपरला ऱ्हातो आमी."

"कितवं?"

"दुसरं. पयलं हितंच झाला, माहेरकडनं."

रतननं नाव टाकलं, नवऱ्याचं नाव टाकलं. मशीननं दोन सेकंद घेतले आणि दाखवलं: नोंद नाही. तिनं पुन्हा टाकलं. नोंद नाही.

"ताई, पहिल्या वेळी काही त्रास झालेला?" तिनं सुनेला विचारलं.

सुनेनं सासूकडे बघितलं. "नाही. सगळं नीट झालेलं."

"मग नवीन पेपर करू," महिपतभाऊ म्हणाले. त्यांनी कोरा कागद ओढला आणि सवयीनं, मान न वळवता, आत हाक मारली, "मंजुळे, बघ गं जरा."

मंजुळामावशी हात पुसत आली. तिनं ना नाव विचारलं ना नवऱ्याचं. सुनेच्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला.

"कुनाची गो तू?"

"कोपरच्या दामाजी म्हात्रेची."

"पयला कवा झाला?"

"गौरी गेल्या त्या दिवशी. दोन वर्सं झाली."

मावशी आत गेली. रतन का कुणास ठाऊक, मागोमाग उठली. त्या खोलीत ती आजवर नीट शिरलीच नव्हती. फळ्यांवर केसपेपरांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक गठ्ठा जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेला. मावशीनं हिरव्या काठाचा गठ्ठा खाली ओढला, सोडला. मधे मधे साडीच्या खोक्याचे पुठ्ठे घातलेले होते. एक पुठ्ठा मोजला, दुसरा मोजला, आणि त्याच्या खालून एक पेपर काढला. पेपराच्या कोपऱ्यात भोक पाडून लाल दोरा ओवलेला होता.

पेपरावर नाव होतं: शालू दामाजी म्हात्रे.

खाली टिळेकरबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं की बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं, रक्तगट बी निगेटिव्ह, ठाण्याहून दोन बाटल्या येईस्तोवर बाई जेमतेम वाचली. पुढच्या वेळी रक्ताची सोय आधीच करून ठेवावी. त्याच्याखाली दोन लाल रेघा मारल्या होत्या.

रतन तो कागद हातात धरून उभी राहिली. बाहेर शालूची सासू महिपतभाऊंना सांगत होती की त्यांच्या घरात सगळ्यांची बाळंतपणं कशी सुखरूप होतात.

"तिनं सांगितलं का नाही, मावशी?"

"सासूसमोर सांगंल? माहेरच्यांनी कलूच नाय दिला आसंल. पोरीत खोट हाय म्हनतील ना." मावशी गठ्ठा बांधायला लागली. "पयला बालतपन माहेरात. आय घिऊन येते. आय काय सासरचा नाव सांगंल? तिला ती शालूच. दुसऱ्याला सासू आनते, तिची ती कविता. कागदाला दोगी येगल्या. पोरगी येकच ना?"

कागद टिळेकरबाईंकडे गेला, टिळेकरबाईंनी सासूला बाहेर बसवून शालूला आत घेतलं, आणि त्या दिवसाचं काम पुढे सरकलं. रतन मशीनसमोर येऊन बसली. पडद्यावर तेच होतं: नोंद नाही. नोंद होती. मुलींनी शालूचा पेपरही चढवलेला होता. मशीनच्या पोटात शालू होती, पुढ्यात कविता होती, आणि मधे रतनचं चौथ्या पानावरचं वाक्य उभं होतं.

घरी आली तर आई पाटी धूत होती. रतन तिच्याकडे बघत राहिली. दारावरच्या पाटीवर, रेशनकार्डावर, सगळीकडे सरस्वती. मामाकडे गेली की मनू. मामा म्हणतो मनू, आजी म्हणायची मनू, आणि वर्षातनं दोनदा आई मनू म्हटल्यावर अशी वळून बघते की तशी सरस्वती म्हटल्यावर कधी बघत नाही. रतनला हे दूध पीत होती तेव्हापासून ठाऊक होतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिताना तिनं पन्नास पोरींना बघितलं होतं. शिक्षण घेऊन, इंग्रजी पुस्तक तीनदा वाचून, तिनं जगातल्या एकाही बाईचं नाव बदलत नाही असं धरून रिपोर्ट लिहिला.

बाहेरच्या कुणाची ही चूक झाली नसती. बाहेरच्यानं विचारलं असतं. तिनं विचारलं नाही, कारण तिला माहीत होतं. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणी सांगत नाही, आणि जे कुणी सांगत नाही ते कागदावर येत नाही. पुस्तकात हे कुठंच नव्हतं. ती स्वतःवर इतकी चिडली की आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"कोन काय बोलला का?" आई म्हणाली.

"कोणी नाही. मीच."

"मग जेव. सोताशी भांडाला पन पोटात कायतरी लागतं."

*

दुसऱ्या दिवशी ती थेट साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, नाव आणि नवऱ्याचं नाव ही शोधायची किल्ली चुकलीय. बदलायला हवी. ताबा पुढे ढकला."

साहेबांनी शांतपणे ऐकलं. कारखानीसनंही ऐकलं, आणि म्हणाला, "सोपं आहे. 'माहेरचं नाव' असा एक रकाना वाढवू. अर्धा तास."

"आणि मुलींनी चढवलेल्या पेपरांतलं कुठलं माहेरचं आणि कुठलं सासरचं, ते कोण सांगणार? आणि दुसरं लग्न झालं असेल तर तीन नावं. रकाने किती वाढवणार?"

"अपवादांसाठी सिस्टीम नसते बनवत."

"अपवाद?" रतनचा आवाज चढला. "तुमच्या आईंचं नाव काय?"

"आईचा काय संबंध?"

"माहेरचं नाव काय होतं त्यांचं?"

कारखानीसनं साहेबांकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं.

"हे बघ रतन," साहेब मधे पडले. "मॅडमनी रिपोर्टवर सही केलीय. त्यात जे आहे ते आपण दिलंय. काही निघालं तर नंतर बघू, वेगळं काम म्हणून."

"नंतर कधी? एक तारखेला कागद रद्दीत जाणार. त्या गठ्ठ्यांत कुठली बाई कुठे आहे ते एकट्या मंजुळामावशीला ठाऊक आहे. गठ्ठे गेले की ते पण गेलं."

"आयाला विचारून सिस्टीम बनवायची?"

"बनवायची होती. मी विचारलं नाही, ती चूक माझी. लिहून देते तसं."

"तू डेटा एन्ट्रीला आहेस," साहेब म्हणाले, अगदी प्रेमानं. "डोक्याला त्रास करून घेऊ नकोस."

असं प्रेमानं बोलणारी माणसं रतननं पुष्कळ पाहिली होती. शिव्या देणाऱ्यांना उत्तर देता येतं. हे लोक डोक्यावर हात ठेवून खाली दाबतात.

त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत केसपेपरांच्या खोलीत जाऊन बसायला लागली. डबा मावशीबरोबर खायचा आणि विचारायचं. या वेळी प्रश्न लिहून नेले नाहीत. नुसती म्हणाली, "मावशी, एक पेपर काढून दाखवा. मी बघते."

मावशीला आधी संशय आला. "ह्या खोलीत मशीन येतं म्हनतात. मना काडतील. त्यासाठी लिवतेस?"

"नाही."

"मग कनासाठी?"

"मी चुकले म्हणून."

मावशीनं गठ्ठा खाली घेतला. एवढं खरं उत्तर तिला त्या इमारतीत बहुधा कुणी दिलं नव्हतं.

मावशी फक्त दुसरी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचायची, म्हणून वाचण्यावर तिनं काही ठेवलंच नव्हतं. गठ्ठे माहेरच्या गावाचे. कोपर हिरव्या काठाचं, आयरे जांभळ्या, चोळे लाल, बाहेरगावच्या पांढऱ्या. गठ्ठ्यातले पुठ्ठे सणांचे: शिमगा, नारळी पुनव, गौरी, दिवाळी. बाईला तारीख आठवत नाही, पण आपण कळा देत होतो तेव्हा बाहेर कुठला सण होता हे ती मरेस्तोवर विसरत नाही. पेपराला दोरा ओवलेला, जितवं बाळंतपण तितक्या गाठी. आणि जिवावरचं असेल तर दोरा लाल.

"महिपतभाऊ म्हणाले ते शोधतात."

"हाक मारतो ना तो. तेवडाच शोधतो," मावशी म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की बाहेरून भाऊंनी विचारलं, काय झालं?

आठव्या दिवशी रतननं नवं चित्र काढून मावशीपुढे ठेवलं. मावशीनं भाकरीचा हात लुगड्याला पुसला आणि कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"ह्यो गोल कोनाचा?"

"डॉक्टरबाईंचा."

"ह्यो?"

"महिपतभाऊ."

"आनि मी कया?"

रतननं मधला गोल दाखवला. सगळ्यांत मोठा. सगळे बाण त्याच्यातून जात होते. पहिल्या रिपोर्टात तिथं नुसती कोरी जागा होती.

"येवडी जाडी हाय मी?" मावशी म्हणाली.

*

तीस मार्चला साहेब टाय लावून आले. कारखानीस आला नाही, त्याला त्या दिवशी नेमका ताप होता. म्हणून कीबोर्डवर रतन. वाटेत साहेबांनी बजावलं, "तू फक्त टाइप करायचं. बोलणं माझ्याकडे."

मशीन टिळेकरबाईंच्या केबिनमध्ये आणलं होतं. साहेब बोलले, छान बोलले. चौदा वर्षांचा कागद दोन सेकंदांत, खोली मोकळी, काम झटपट. ताब्याचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपण काढून पेन बाईंपुढे धरलं.

"एखादी पेशंट शोधून दाखवा की," बाई म्हणाल्या.

"रतन, दाखव."

रतननं कीबोर्ड पुढे ओढला. ओठ दाबून एखादं साधं नाव टाकलं असतं तर नोकरी राहिली असती, ताबा झाला असता. परवा रद्दीवाला आला असता. आणि पुढच्या शिमग्याला कुणीतरी शालू आली असती, कविता म्हणून, नीट झालेलं सांगत.

"बाई," ती म्हणाली, "तुमचंच नाव टाकते. तुम्ही इथं बाळंत झालात असं धरू. पहिलं तुमच्या माहेरून." तिनं मान वर केली. "ती डिग्री कुणाची आहे?"

टिळेकरबाईंनी मागे वळून चौकटीकडे बघितलं. "माझी."

"सुमन आठल्ये म्हणजे तुम्हीच?"

"लग्नाआधीची डिग्री आहे ती. सासरी कलावती ठेवलं."

"मग सुमन आठल्येचा पेपर मशीनमध्ये आहे असं समजा. आता तुम्ही दारात आलात, सासूबरोबर." रतननं टाइप केलं: कलावती. टिळेकर. पडदा सगळ्यांकडे वळवला. नोंद नाही.

"रतन!" साहेब म्हणाले.

"तुमच्या लाल रेघा त्या कागदावर आहेत, बाई. आणि मशीन सांगतंय तुम्ही नव्या आहात. दहा तारखेच्या त्या भोपरच्या बाईला मशीननं असंच सांगितलं. पेपर मंजुळामावशीनं काढला. रिपोर्ट मी लिहिलाय, नाव कुणाचंही असो. त्यात चूक माझी आहे. म्हणून दुसरा आणलाय."

तिच्याकडे प्रोग्रॅम नव्हता. चार कागद होते. ते तिनं ताब्याच्या कागदावर ठेवले. बाईला एक नंबर, जन्मभर तोच. नावं वेगळ्या यादीत, हवी तितकी. शोध माहेरच्या गावावरून, कितवं बाळंतपण त्यावरून, आणि सणावरून. धोक्याची नोंद सगळ्यांत आधी पडद्यावर, बाकी सगळं नंतर. आणि शेवटी: एप्रिलपासून गठ्ठे नव्यानं चढवताना शेजारी मंजुळामावशी बसलेली हवी, नाहीतर ते नुसते कागद आहेत.

टिळेकरबाई बराच वेळ वाचत होत्या. मग त्यांनी चौकटीकडे परत एकदा पाहिलं.

"चौदा वर्षं ही माझ्या डोक्यावर टांगलीय," त्या म्हणाल्या. "आणि सही करताना मला सुचलं नाही." साहेबांचं पेन त्यांनी टोपण लावून परत दिलं. "गुप्ते, सोनोग्राफीचं मशीन दोन महिने थांबेल. रद्दी नाही घालायची. हे करा."

साहेब तडातडा जिना उतरले. फाटकापाशी थांबले. कान लाल झाले होते.

"मला तोंडावर पाडलंस."

"हो."

"हा रिपोर्ट कारखानीस लिहील. तू उद्यापासून आपली बाहेरच्या खोलीत."

"लिहू दे," रतन म्हणाली. "विचारायला कोण येणार? तो? इथं बायका बसतात ओळीनं."

साहेब फाटकाच्या कडीकडे बघत राहिले. मंजुळामावशी कारखानीसला गठ्ठे उलगडून दाखवील हे त्यांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं असावं. ते चित्र काही केल्या जमेना.

"शेवटच्या पानावर माझं नाव," रतन म्हणाली. "आणि हुद्दा अ‍ॅनालिस्ट. नाहीतर मी बाहेरच्या खोलीतही येत नाही, आणि बाईंना तसं सांगून जाते."

"फार शिंगं फुटलीत."

"उशिराच फुटली, साहेब."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शालू बाळंत झाली. रक्ताच्या दोन बाटल्या ठाण्याहून आदल्या दिवशीच आणून ठेवल्या होत्या. एक लागली. मुलगी झाली. सासूला अजूनही वाटतं की त्यांच्या घरात सगळ्यांची बाळंतपणं सुखरूपच होतात.

एप्रिलच्या शेवटी, आपलं नाव आणि हुद्दा असलेला रिपोर्ट शेजारी ठेवून, रतननं नवी सिस्टीम पहिल्यांदा उघडली. पडदा कोरा होता. बाजूच्या स्टुलावर मंजुळामावशी, मांडीवर हिरवा गठ्ठा.

"आधी तुमचंच टाकू, मावशी. चाचणीला एक बाई लागते."

"माजा? मना कवाच झाली पोरा."

"चालतं. नाव?"

"मंजुळा."

"ते सासरचं. आधीचं?"

मावशी गठ्ठ्याच्या काठाशी चाळा करत बसली. महिपतभाऊंचं तंबाखू मळणं थांबलं.

"दगडी," ती म्हणाली. "आयचे दोन गेलते माझ्याआदी. तिसरी तरी ऱ्हावी म्हनून ठेवलेलं. चालीस वर्सात कोनी नाय मारली त्या नावानं हाक."

रतननं नंबर एकपुढे दोन्ही नावं टाकली, एकाखाली एक. मग चष्मा लावलेल्या भाऊंना सरकून बसायला सांगितलं, खुर्ची मावशीच्या जवळ ओढली आणि कीबोर्डवर बोटं ठेवून विचारलं,

"गाव?"